नोंदणी यशस्वी झाली आहे

पिंपरी-चिंचवडमध्ये दोन माणसं पहिल्यांदा भेटली की नावाआधी गाव विचारतात. "गाव कुठलं?" या प्रश्नाला "पिंपरी" असं उत्तर देणारा माणूस मी लग्नाच्या पंगतीत, बसस्टॉपवर आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये शोधत असतो. असे लोक नाहीत असं नाही. पण त्यांना इथे 'गाववाले' म्हणतात आणि त्यांची भेट बहुधा निवडणुकीच्या फ्लेक्सवरच होते. बाकी आम्ही सगळे बाहेरचे. कुणी सातारचा, कुणी जळगावचा, कुणी सोलापूरचा, कुणी पाटण्याच्या पलीकडचा. चाळीस वर्षं निगडी प्राधिकरणात काढून, पोरांची लग्नं इथेच लावून आणि नळाला पाणी नाही म्हणून महापालिकेवर मोर्चे नेऊनही माणूस बाहेरचाच राहतो. त्याला 'इथला' समजणारा एकच प्राणी असतो, तो म्हणजे पहाटेच्या एसटीने वल्लभनगरला उतरलेला नवा बाहेरचा.

हे शहरच मुळी बोलावून आणलेल्या माणसांचं. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, 1962 मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली, मग आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को, आणि त्यांच्यामागे नट, बोल्ट, गॅस्केट बनवणारी भोसरीतली शेकडो शेड. 1982 मध्ये महापालिका झाली. जागा पुरेना तसे कारखाने इंद्रायणी ओलांडून चाकणकडे सरकले. चाकणला त्याआधी लोक ओळखत ते कांद्याच्या बाजारामुळे आणि किल्ल्यामुळे. 1660 मध्ये शाइस्तेखान अफाट फौज घेऊन आला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. बाहेरच्या माणसाला चाकणात शिरायला वेळ लागतो, ही परंपरा तेव्हापासूनची. हल्ली किल्ल्याची जबाबदारी चाकणच्या तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकने घेतली आहे.

टेल्कोच्या काळात बाहेरून आलेल्या कुशल कामगाराला नोकरीसाठी साहाय्य करणारी एक सेवा होती. तिचं नाव चुलता. गावाकडे पोस्टकार्ड जायचं, 'पोराला पाठवून द्या', आणि पोरगा वळकटी घेऊन कासारवाडीत हजर व्हायचा. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसं आणि तीन कॉट. फर्स्ट शिफ्टवाला उठला की थर्ड शिफ्टवाला त्याच गरम अंथरुणावर पडायचा. चुलत्याला सगळं ठाऊक असायचं. कुठल्या गेटवर उभं राहायचं, कुठला फोरमन आपल्या तालुक्याचा, कुठल्या साहेबासमोर पान खायचं नाही. या सेवेला पासवर्ड नव्हता. तक्रार निवारण कक्ष मात्र होता. काम सोडून पळालात तर चुलता गावाकडे दुसरं पोस्टकार्ड टाकायचा.

सरकारी सोयही होती, नव्हती असं नाही. तिला रोजगार विनिमय केंद्र म्हणत. 1959 चा एक कायदा होता. पंचवीस किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या खासगी कारखान्यांनीही आपल्याकडच्या रिकाम्या जागा या केंद्राला कळवल्या पाहिजेत, असं तो सांगायचा. फक्त कळवायच्या. केंद्राने पाठवलेल्या माणसालाच घ्या, अशी सक्ती त्यात नव्हती. त्यामुळे कारखानदार इमानदारीने कळवत, केंद्र इमानदारीने नावं पाठवी आणि जागेवर चुलत्याचा पुतण्या लागे. आमच्या पिढीतल्या कित्येकांनी ते कार्ड रेशनकार्डाच्या जोडीला ट्रंकेत जपलं आणि त्याचं नूतनीकरण करता करता निवृत्तीचं वय गाठलं. आता त्या कार्यालयाचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र असं झालं आहे. रिक्षावाल्याला एवढं नाव सांगेपर्यंत मीटर पडतं.

मग सगळं ऑनलाइन झालं. केंद्र सरकारने जुलै 2015 मध्ये नॅशनल करिअर सर्व्हिस सुरू केली, राज्याचं महास्वयं आलं, अप्रेंटिसचं पोर्टल वेगळं, असंघटित कामगारांचं ई-श्रम वेगळं. खासगी अॅप तर पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. बायकोच्या बहिणीचा मुलगा औसा तालुक्यातून आयटीआय वेल्डर होऊन आमच्याकडे आला, तेव्हा मीही सुशिक्षित काकाला शोभेल असा सल्ला दिला, "आता चुलत्या-मामाचे दिवस गेले. सगळीकडे नोंदणी करून टाक." आणि त्याला घेऊन खराबवाडीच्या एका ऑनलाइन सेवा केंद्रात गेलो.

हे केंद्र म्हणजे एक गाळा. बाहेर बोर्ड: आधार, पॅन, पीएफ, पासपोर्ट फोटो, लाइट बिल, मोबाइल रिचार्ज, जॉब फॉर्म, आणि सगळ्यात खाली नंतर हाताने लिहिलेलं, 'थंडगार ताक'. आत एकच संगणक. त्यासमोर एक तरुण पोरगा बसलेला, ज्याला पंचक्रोशीतल्या निम्म्या बेकारांचे पासवर्ड पाठ. पाठ कसले, सगळ्यांचा एकच. आपलं नाव, अॅट, एक-दोन-तीन.

"आधारला लिंक नंबर कुणाचा?" त्याने विचारलं.

"आबांचा," भाचा म्हणाला.

इथून पुढचं नाट्य त्या गाळ्यात रोज घडत असावं, कारण रांगेतल्या लोकांनी निवांत ताक मागवलं. ओटीपी औशाजवळच्या शेतात, आबांच्या बंडीच्या खिशात येणार. तो इकडे दहा मिनिटांच्या आत टाकायचा.

"आबा, मेसेज आला का बघा की."

"आलाय."

"काय लिव्हलंय?"

"तुमच्या खात्यातून चारशे छत्तीस..."

"ते नव्हं, विम्याचं हाय ते. त्याच्या वरचा."

"वर लॉटरी लागली म्हनतंय."

"आबा, ओटीपी म्हनून असंल बघा."

"ओटी कशाची? अजून कामाला लागला नाहीस अन् ओटी कुठनं करायलास?"

ओव्हरटाइमला चाकणपासून औशापर्यंत सगळे ओटीच म्हणतात, त्यामुळे आबांचं काहीच चुकलं नाही. शेवटी शेजारच्या शेतातली शाळकरी पोरगी बोलावली गेली. तिने सहा आकडे खणखणीत आवाजात वाचले. सेवा केंद्रातल्या सगळ्या रांगेने ते ऐकले. भिंतीवर 'आपला ओटीपी कोणालाही सांगू नका' असा कागद चिकटवलेला होता.

पुढे कौशल्य. माझा भाचा मिग वेल्डिंग करतो, टिग शिकला आहे, आर्क तर त्याच्या हाताखालचा खेळ. तो गावात असताना कुणाचा ट्रॅक्टर मोडला की रात्री बाराला हाक यायची. यादीत यातलं जे नेमकं हवं ते सापडेना. सेवा केंद्रवाल्याने 'इतर' निवडलं. इतर म्हणजे काय, असा पुढचा चौकोन उघडला, त्यातही त्याने 'इतर'च लिहिलं. एका पोर्टलने विचारलं, आपण कामासाठी स्थलांतर करण्यास तयार आहात का? औशाहून रात्रभर उभ्याने आलेल्या, चाकणमध्ये बसलेल्या त्या पोराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "हो लिही. कोण जाणे, अजून पुढे पाठवतील."

आणि मग हिरव्या अक्षरांत झळकलं, 'आपली नोंदणी यशस्वी झाली आहे.' पोराचा चेहरा असा खुलला की मी त्याला ताक पाजलं. नोकरी लागलेली नाही, नुसती नोंदणी झाली आहे, हे त्याला सांगायचं माझ्या जिवावर आलं. खरं तर ते त्या पोर्टललाही कुणीतरी सांगायला हवं. रोजगाराच्या कुठल्याही सरकारी कार्यक्रमात व्यासपीठावरून किती लाखांची नोंदणी झाली ते आधी सांगतात. किती जण कामाला लागले हे सांगण्याआधी चहा येतो.

ई-श्रमची मौज आणखी निराळी. ऑगस्ट 2021 मध्ये ते सुरू झालं, असंघटित कामगारांसाठी, वय 16 ते 59. नोंद झाली की बारा आकडी क्रमांक मिळतो, त्याला यूएएन म्हणतात, युनिव्हर्सल अकाउंट नंबर. पीएफवाल्यांनीही 2014 पासून प्रत्येक कामगाराला बारा आकडी क्रमांक दिलेला आहे. त्यालाही यूएएनच म्हणतात आणि तोही युनिव्हर्सलच. एका माणसाला दोन विश्वं मिळाली. अट एवढीच की पीएफ कापला जात असेल तर ई-श्रममध्ये बसता येत नाही. आता आमच्या चाकणचा कंत्राटी कामगार घ्या. ठेकेदार त्याला सात महिने ठेवतो, पीएफ कापतो, मग ब्रेक देतो, मग दुसऱ्या नावाच्या फर्ममधून परत घेतो. म्हणजे हा गडी पाडव्याला संघटित असतो आणि दिवाळीला असंघटित. आज आपण कोण आहोत हे पाहायला त्याला सकाळी पगाराची स्लिप उघडावी लागते.

सरकारी पोर्टलचा निरोप येईपर्यंत पोट थांबत नाही, म्हणून सगळे व्हॉट्सअॅपवर असतात. 'चाकण जॉब', 'एमआयडीसी जॉब ओन्ली', 'फ्रेशर भरती नऊ'. जुने आठ ग्रुप भरले म्हणून हा नववा. जाहिरात सगळीकडे एकच: 'अर्जंट! अर्जंट! नामांकित कंपनी! दहावी, बारावी, आयटीआय, डिप्लोमा, बीई, बीए, कोणीही! बस, नाश्ता, जेवण! आजच जॉइनिंग!' दहावी नापास आणि इंजिनिअर यांना इतक्या निर्मळ समभावाने वागवणारी व्यवस्था वारीनंतर मी इथेच पाहिली. आणि नामांकित कंपनीचं नाव त्या जाहिरातीत कधीही नसतं. ते विचारलं तर ग्रुप अॅडमिन 'डीएम' म्हणतो, डीएम केला तर लोकेशन पाठवतो आणि लोकेशनवर गेलं तर तिथे एक पानटपरी असते. पानटपरीवाला शांतपणे म्हणतो, "तुम्ही आज अकरावे. ते ऑफिस मागंच गेलं."

या सगळ्यात 2020 चा महाजॉब्सचा प्रयोग मला फार हृद्य वाटतो. लॉकडाऊनमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, झारखंडचे कामगार श्रमिक रेल्वेने निघून गेले. कारखाने उघडायची परवानगी मिळाली आणि यंत्रासमोर उभं राहायला माणूस नाही. तेव्हा, 6 जुलैला, राज्याने हे पोर्टल सुरू केलं, 17 क्षेत्रं आणि 950 व्यवसायांसाठी. मोठ्या कौतुकाने मी ती बातमी वाचली होती. साडेनऊशे! चाकणमध्ये मला आजवर दोनच व्यवसाय दिसले आहेत, ऑपरेटर आणि हेल्पर. त्यातही हेल्परचा पगार देऊन ऑपरेटरचं काम घेणं हा तिसरा व्यवसाय, तो ठेकेदाराचा. शिवाय पोर्टलला डोमिसाइल लागायचं, म्हणजे महाराष्ट्रात पंधरा वर्षं वास्तव्य. ज्यांच्या जाण्यामुळे जागा रिकाम्या झाल्या होत्या ते परत आले तर त्यांना इथे शोधायला जागा नव्हती, आणि ज्यांना जागा होती त्यांच्यापैकी पुष्कळांना भट्टीसमोर उभं राहायचं नव्हतं. काही महिन्यांनी गाड्या सुरू झाल्या आणि जुनी माणसं आपापल्या ठेकेदाराच्या एका फोनवर आपापल्या भट्टीसमोर येऊन उभी राहिली. पोर्टलला कुणी विचारलंही नाही.

परदेशातून येणाऱ्या कुशल माणसाचं कसं आखीवरेखीव असतं. चाकणच्या एखाद्या कारखान्यात जर्मनीहून साहेब यायचा असेल तर त्याच्या नोकरीच्या व्हिसासाठी वर्षाला 16 लाख 25 हजारांहून कमी पगार चालत नाही. सरकारची यामागची भूमिका साधी आहे, स्वस्तातलं काम करायला आमच्याकडे माणसं आहेत. यातून काही अपवाद आहेत, त्यातला एक परदेशी पदार्थ करणाऱ्या स्वयंपाक्यांचा. म्हणजे वेल्डिंगचा स्वस्त माणूस बाहेरून नको, पण नूडल्सचा चालेल. साहेबाची नोंदणी ऑनलाइन होते, त्याच्यासाठी एजन्सी बाणेरला फ्लॅट बघते, मुलांची शाळा बघते, मोलकरीण बघते, आणि तळेगाव चौकातून जायचं नसेल तर कुठून जायचं हे ड्रायव्हर बघतो. माझ्या भाच्याच्या भाडेकराराची पोलीस पडताळणी होईल तेवढ्यापुरती दोघांत समानता.

गंमत पुढेच आहे. ही वाहतूक आता उलटीही चालते. स्टुटगार्टच्या मर्सिडीजची मोटार 1995 पासून आधी पिंपरीत टेल्कोच्या आवारात जोडली जाई, 2009 मध्ये ती कंपनी चाकणला स्वतःच्या कारखान्यात गेली. स्टुटगार्ट ज्या राज्याची राजधानी आहे त्या बाडेन-वुर्टेमबर्गशी महाराष्ट्राने 2024 मध्ये करार केला, कुशल माणसं पुरवण्याचा. सुरुवातीला दहा हजार, आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जर्मनीने भारतीय कुशल कामगारांसाठी वर्षाला 20 हजार व्हिसांची मर्यादा 90 हजारांवर नेली. मोटार तिकडून आली, आता ती जोडणारा तिकडे जाणार. भाचा लगेच जर्मन शिकायला बसला. तिथे नामाची तीन लिंगं आहेत म्हणून शिकवणाऱ्या बाईंनी वर्गाला भीती घातली. मराठी शाळेतून आलेल्या पोराला तीन लिंगांचं काय? तो म्हणाला, "काका, आपल्याकडं बी गोंधळच हाय की."

त्याच्याबरोबर मीही जर्मन सरकारचं 'मेक इट इन जर्मनी' हे पोर्टल चाळलं. परदेशी शिक्षण तिकडे मान्य करून घ्यायचं तर सल्ला देणारं एक कार्यालय 2020 पासून बॉनमध्ये आहे, तेही परदेशात बसलेल्या माणसाला सल्ला देतं. पोर्टलवर घर कसं शोधावं, विमा कुठला घ्यावा, बँकेत खातं कसं उघडावं, मुलांना शाळेत कसं घालावं, सगळं लिहिलेलं. मी थक्क झालो. स्टुटगार्टमध्ये खोली कशी शोधायची हे औशात बसून कळतं आणि चाकणजवळच्या निघोजेत खोली कशी शोधायची हे निघोजेत उभं राहूनही कळत नाही. आमच्या पोर्टलांना माणसाची सगळी माहिती हवी असते. बापाचं नाव, जात, रक्तगट, दहावीचे गुण. त्याला हव्या असतात त्या तीन-चार गोष्टी, बस कुठून सुटते, खोलीचं डिपॉझिट किती, ठेकेदार पगार वेळेवर करतो का, आणि मेस कुठे. त्यातली एकही तिथे नसते.

ती माहिती असते मेसवाल्या मावशींकडे. या मावशी मूळच्या बार्शीकडच्या, खालुंब्र्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये पन्नास-साठ पोरांचं जेवण करतात. भाजी, डाळ, भात, चपात्या, आणि गुरुवारी अंडाकरी. गुरुवारी, कारण इथल्या औद्योगिक पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. बाकी महाराष्ट्र उपासाची खिचडी खात असतो तेव्हा आमच्याकडे रविवार असतो. मावशींची एक लाल वही आहे. त्यात कोण कुठल्या कंपनीत, कुठल्या ठेकेदाराकडे, आणि मेसचे पैसे कुठल्या तारखेला दिले एवढंच लिहिलेलं. बस्स. पण ती वही वाचता आली तर सबंध चाकण एमआयडीसीची पत कळते. भाच्याने एका ठेकेदाराचं नाव काढलं, तसं मावशींनी वही न उघडताच सांगितलं, "त्याच्याकडं जाऊ नगंस. माझी चार पोरं होती तिकडं. दहा तारखेचा पगार पंचवीसला. माझं दूधवाल्याचं बिल थकलं." मग पलीकडच्या ताटावर बसलेल्या पोराला हाक मारली, "ए, तुमच्यात वेल्डर घ्यायचेत म्हणत हुतास ना? ह्याला ने उद्या." बोलता बोलता त्याच्या ताटात आणखी एक चपाती पडली. दुसऱ्या दिवशी पोरगा गेटवर, तासाभरात वेल्डिंगची ट्रायल, संध्याकाळी सेफ्टी शूज.

कुठल्याही स्टार्टअपला हेवा वाटावा अशी ही सेवा आहे. उमेदवाराची पडताळणी रोज रात्री साडेआठला होते, कारण जो माणूस सलग दोन दिवस पिऊन येतो त्याची शिफारस बंद. कंपनीचं रेटिंग दर महिन्याला नव्याने लागतं. आणि मोबदला? जो माणूस टिकला तो मेसही टिकवतो. सरकारने या मावशींना एक टॅब्लेट द्यावा, असं माझं मत होतं. मावशी म्हणाल्या, "नको बाबा, मग ओटीपी येईल."

भाचा कामाला लागल्यावर पोर्टलचा पहिला संदेश आला. आपल्या प्रोफाइलशी जुळणारी नोकरी उपलब्ध: टेलिकॉलर, गोंदिया. त्याला तो इतका आवडला की त्याने तो आबांना वाचून दाखवला. आबा म्हणाले, गोंदियाला जाऊ नको, लांब हाय. जर्मनीबद्दल मात्र त्यांनी अजून नकार दिलेला नाही.

एवढं सांगितल्यावर दोन कामाच्या गोष्टी. नॅशनल करिअर सर्व्हिसवर नोंदणी करायला एक पैसाही लागत नाही. ती करा, मावशींच्या वहीला जोड म्हणून बरी असते. नोंदणी फी, गणवेश, मेडिकल किंवा गेटपासच्या नावाने कुणी ऑनलाइन पैसे मागितले तर समोर कितीही नामांकित कंपनी असो, देऊ नका. गेलेच असतील तर वेळ न घालवता 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा. आणि निघोजे, महाळुंगे किंवा कुरुळीत कुणाची खोली रिकामी असेल तर मला जरूर कळवा. पोरगा निर्व्यसनी आहे, डिपॉझिट रोख देईल, आणि थर्ड शिफ्ट असल्यामुळे दिवसभर झोपलेलाच असतो.